मंद इंटरनेटवर मोठं सॉफ्टवेअर कसं डाउनलोड करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात संगणक दुरुस्तीचं काम करताना खानापूर, जांबोटी, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी आणि सीमेपलीकडच्या चंदगडमधूनही व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येत राहतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलंय. ज्यांच्या दारात चांगलं फायबर आलंय त्यांना यातलं निम्मं लागणार नाही. फोनचा हॉटस्पॉट, जुनी तांब्याची लाइन किंवा संध्याकाळी मान टाकणारं वायरलेस कनेक्शन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

१. प्लॅन १० एमबीपीएसचा आहे, पण डाउनलोड करताना जेमतेम १ एमबी दिसतं. कंपनी फसवतेय का?

बहुतेक वेळा नाही. जाहिरातीतला आकडा मेगाबिटचा असतो आणि ब्राउझर दाखवतो तो मेगाबाइटचा. ८ बिटचा १ बाइट, म्हणून १० ला ८ ने भागा: सव्वा एमबी. त्यातलं थोडं जोडणीच्या कारभारात जातं. तेव्हा १० च्या प्लॅनवर सेकंदाला १.१ एमबी दिसत असेल तर तुम्हाला तुमचं मिळतंय.

१० च्या प्लॅनवर दिवसभर २०० केबीच दिसत असेल तर मात्र विचारायला हवं. विचारण्याआधी राउटरला केबल लावून, बाकीचे फोन बंद ठेवून, सकाळी आणि रात्री ९ वाजता असं दोनदा मोजा. मोबाइलसाठी दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, एवढं तक्रार करताना लक्षात असू द्या. तक्रार नोंदवली की नोंद क्रमांक लिहून घ्या. त्याच्याशिवाय पुढे अपील करता येत नाही.

२. फाइल यायला किती वेळ लागेल हे आधीच कसं ओळखायचं?

एकच आकडा पाठ करा: १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी. बाकी गुणाकार. २ एमबीपीएसवर तासाला ९०० एमबी, म्हणजे ५ जीबीला साडेपाच तास. ५१२ केबीपीएसवर त्याच फाइलला जवळपास २२ तास. रोजचा डेटा संपल्यावर जो ६४ केबीपीएसचा वेग उरतो, त्यावर आठवडा. हा हिशोब लाइन एकदाही न तुटता चालली तर, म्हणून वर पाव हिस्सा धरून चाला.

ब्राउझर दाखवतो त्या ‘उरलेल्या वेळे’वर विसंबून राहू नका. तो त्या क्षणीच्या वेगावरून काढलेला असतो. घाटात ढग उतरले की ४० मिनिटांचे ९ तास होतात.

३. ९० टक्के झालं आणि लाइट गेली. आता परत पहिल्यापासून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि खरा त्रासही हाच आहे. वेग कमी असला तर फाइल उशिरा येते, एवढंच. मधे तुटली आणि पुन्हा शून्यावर गेली तर ती कधीच येत नाही. त्यामुळे वेगामागे लागण्याआधी, तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू होईल याची सोय करा.

ते होतं असं: डाउनलोड करणारा प्रोग्राम सर्व्हरला सांगतो की माझ्याकडे पहिले ४,५०० एमबी आहेत, पुढचं दे. सर्व्हरला ही भाषा कळत असेल तर तो पुढचंच देतो. कळत नसेल तर पहिल्यापासून सगळं पाठवतो. म्हणजे गोष्ट निम्मी तुमच्या हातात आणि निम्मी समोरच्याच्या.

म्हणून मोठी फाइल लावली की ५० एमबी झाल्यावर मुद्दाम थांबवा आणि पुन्हा सुरू करा. आकडा ५० च्या पुढे सरकला तर निश्चिंत राहा. शून्यावर गेला तर ५० एमबीवरच कळलं, साडेचार जीबीवर नाही. मग दुसरा मिरर (तीच फाइल ठेवलेला दुसरा सर्व्हर) किंवा टोरंट शोधा (प्रश्न ७).

लाइट येऊन ब्राउझर उघडल्यावर डाउनलोडच्या यादीत जा आणि ‘रिझ्युम’ दाबा. नवीन टॅबमध्ये पुन्हा लिंक दाबू नका, त्याने दुसरी फाइल सुरू होते. क्रोमची अर्धवट फाइल ‘सीआरडाउनलोड’ शेपटीची असते, फायरफॉक्सची ‘पार्ट’ शेपटीची. डाउनलोड्स फोल्डर साफ करताना लोक हीच फाइल कचरा म्हणून उडवतात. तिला हात लावू नका. प्रश्न १९ मध्ये तिचा आणखी एक उपयोग आहे.

४. ब्राउझर पुरे की डाउनलोड मॅनेजर घ्यावा?

५०० एमबीपर्यंत ब्राउझर पुरे. त्यापुढे मॅनेजर घ्या, कारण तो लाइन आल्यावर आपणहून पुन्हा प्रयत्न करत राहतो. ब्राउझर बऱ्याचदा ‘नेटवर्क एरर’ म्हणून हात वर करतो. विंडोजवर फ्री डाउनलोड मॅनेजर खरोखरच फुकट आहे आणि पुरेसा आहे. इंटरनेट डाउनलोड मॅनेजर चांगला आहे, पण ३० दिवसांनी पैसे मागतो. त्याची ‘क्रॅक’ आवृत्ती मात्र नको. माझ्याकडे व्हायरस काढायला येणाऱ्या लॅपटॉपांत ही क्रॅक वरचेवर सापडते.

लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमधलं डब्ल्यूगेट वापरावं, त्याला छोटा सी हा पर्याय जोडून. अर्धवट फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन तीच आज्ञा पुन्हा दिली की काम पुढे चालू.

५. मॅनेजरमध्ये १६ कनेक्शन लावली तर वेग १६ पट होतो का?

नाही. तुमची लाइन २ एमबीपीएसची असेल आणि एक कनेक्शन ती भरून टाकत असेल, तर १६ कनेक्शनही तेच २ वाटून घेणार. फायदा दोनच ठिकाणी होतो: सर्व्हरने प्रत्येक कनेक्शनला वेगळी मर्यादा घातली असेल तर, किंवा मोबाइलच्या कमकुवत सिग्नलवर एक कनेक्शन सारखं अडखळत असेल तर. तिथे ४ ठेवा. काही सर्व्हर जास्त कनेक्शन दिसली की दारच लावून घेतात.

६. डीएनएस (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला की वेग वाढतो असं व्हिडिओत सांगतात. खरं का?

पानं उघडायला थोडी लवकर लागतील. ५ जीबीच्या फाइलला फरक पडत नाही.

७. टोरंट म्हणजे चोरीचा माल ना? तुम्ही सर्रास कसं सुचवता?

टोरंट ही फाइल पोचवायची एक पद्धत आहे. तिच्यातून चोरीचे सिनेमे जातात तसंच उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट आणि लिबरऑफिसही जातं, आणि ते देणारे लोक स्वतःच्या संकेतस्थळावर टोरंटची अधिकृत लिंक ठेवतात. ती घेण्यात बेकायदा काहीच नाही.

आपल्याकडच्या लाइनीला ही पद्धत सगळ्यात मानवते. गावात इर्जिक घालतात तसं आहे हे: एकाच्या शेतात सगळ्यांचे बैल, आणि उद्या दुसऱ्याच्या. फाइलचे लहान लहान तुकडे वेगवेगळ्या लोकांकडून येतात, प्रत्येक तुकडा आल्या आल्या तपासला जातो, बिघडलेला तेवढाच पुन्हा मागवला जातो. लाइट दहा वेळा गेली तरी झालेलं काम वाया जात नाही.

क्यूबिटटोरंट घ्या, त्यात जाहिराती नाहीत. आणि सेटिंगमध्ये जाऊन अपलोडला मर्यादा घाला. का ते प्रश्न १० मध्ये आहे. कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर टोरंट बहुधा अडवलेलं असतं, तिथे खटपट करू नका.

८. रोज दीड जीबीच डेटा मिळतो. ६ जीबीची फाइल कशी आणायची?

हप्त्याहप्त्याने. प्रश्न ३ मधली चाचणी पास झालेली फाइल असेल तर रोज १.२ जीबी घ्या, थांबवा, दुसऱ्या दिवशी पुढे. पाच दिवसांत येते. पूर्ण दीड जीबी संपवू नका. ६४ केबीपीएसवर गेल्यावर यूपीआयचं पानसुद्धा उघडत नाही आणि दुकानात उभं राहून घामाघूम व्हायला होतं.

रोजचा कोटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री १२ ला नवा होतो. म्हणून ११ वाजता उरलेला डेटा डाउनलोडला लावा आणि १२ नंतर नव्या दिवसातला थोडा. त्या वेळी टॉवरवर गर्दीही कमी असते.

आणि मुख्य म्हणजे त्या पाच दिवसांत लॅपटॉपने मागच्या दाराने डेटा खाऊ नये. त्यासाठी प्रश्न १५.

९. दोन दिवसांनी रिझ्युम केलं तर ‘लिंक एक्स्पायर्ड’ म्हणतंय.

काही कंपन्या प्रत्येकाला तात्पुरती लिंक देतात. मायक्रोसॉफ्टच्या पानावरून विंडोजची आयएसओ (विंडोज टाकायची पूर्ण फाइल) घेतली तर ती लिंक २४ तासच चालते. १ एमबीपीएसवर २४ तासांत जवळपास पावणेअकरा जीबी येतात, तेव्हा चालून जातं. ५१२ केबीपीएसवर मात्र साडेपाच जीबीच येतात आणि आयएसओ त्याहून मोठी असते. म्हणजे एकदाही लाइन न तुटता २४ तास चालवली तरी शेवटी हातात काही नाही.

उपाय: त्याच पानावर जाऊन तीच आवृत्ती, तीच भाषा निवडून नवीन लिंक घ्या आणि डाउनलोड मॅनेजरमध्ये जुन्या डाउनलोडचा पत्ता बदला. फाइल तीच असेल तर काम पुढे सुरू होतं. भाषा चुकून दुसरी निवडलीत तर फाइल दुसरी होते आणि जोड बसत नाही. लॉगिन करून मिळणाऱ्या लिंकांचंही असंच आहे: लॉगिन संपलं की लिंक मेली.

१०. मी डाउनलोड लावलं की घरात सगळ्यांचं नेट बसतं आणि भांडणं होतात.

मॅनेजरमध्ये वेगाची मर्यादा असते. लाइनीच्या ७० टक्क्यांवर ठेवा. फाइल तासभर उशिरा येईल, पण ताईचा ऑनलाइन क्लास चालू राहील.

टोरंटवाल्यांनी अपलोडकडे बघा. आपल्या लाइनींचा जाण्याचा रस्ता येण्याच्या रस्त्यापेक्षा बराच अरुंद असतो. फाइल मिळाल्याची पोचही त्याच अरुंद रस्त्याने परत जाते. अपलोडने तो तुंबला की पोच अडकते आणि डाउनलोडही मंदावतं. अपलोड अर्ध्यावर बांधून ठेवलं तर डाउनलोड वाढल्याचं दिसेल. अगदी शून्य करू नका. घेणाऱ्याने थोडं द्यायचं असतं, आणि देत नाही त्याला इतरही हात आखडून देतात.

११. रात्री लावून झोपतोय, सकाळी बघतोय तर ३० टक्क्यांवर बसलंय ओ. का?

लॅपटॉप झोपला. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ करा, चार्जरवर असतानाची आणि बॅटरीवरचीही. झाकण मिटल्यावर काही करू नये असंही तिथेच ठरवता येतं. स्क्रीन बंद झाली तर बिघडत नाही, डाउनलोड चालू राहतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

दुसरं कारण लाइट. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, दोनेक तास सहज काढतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत, आणि ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर राउटर नवीनच घ्यावा लागतो. फायबरवाल्यांकडे भिंतीवरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, नाहीतर एक जागा आणि दुसरा झोपलेला.

मे अखेरच्या वळवात आणि पावसाळ्याच्या तोंडाला विजा सुरू झाल्या की हे सगळं विसरा आणि प्लग काढा. तांब्याची फोन लाइन असेल तर भिंतीतून तीही काढा, वीज तिच्यातूनही येते.

१२. आमच्याकडे फक्त फोनचा हॉटस्पॉट आहे. खोलीत एक काडी, अंगणात तीन. काय करू?

फोन अंगणाच्या बाजूला आणि लॅपटॉप खोलीत, एवढंच करायचं. खानापूरकडच्या जाड चिऱ्याच्या भिंती टॉवरचा सिग्नल अडवतात; दोन हातांवरच्या खिडकीत फोन ठेवला तर फरक पडतो. फोन आणि लॅपटॉप यांच्यात वाय-फायऐवजी यूएसबी केबल वापरा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. जोडणी पक्की राहते, फोन चार्जही होतो. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंतच धड चालते, स्वस्तातली तीन मीटरलाच दम टाकते.

कणकुंबीच्या एका घरात ही व्यवस्था बघितली. फोन माळ्याच्या खिडकीत सुपारीच्या डब्याला टेकवून उभा, केबल शिडीच्या दांड्याला सुतळीने बांधत खाली आणलेली आणि खाली पोरगी प्रोजेक्ट करत बसलेली. कौलातून थेंब पडायला लागला की आजी वर जाऊन फोनवर घमेलं पालथं घालायची. घमेलं लोखंडी, त्यामुळे सिग्नल जायचा! प्लास्टिकची बादली दिल्यावर दोन्ही प्रश्न मिटले.

फोन तापला की स्वतःहून मंद होतो. कव्हर काढा, उन्हात ठेवू नका. फोनमध्ये ‘फक्त ४जी’ची सोय असेल तर ती निवडा, म्हणजे ५जी आणि ४जी यांच्यात त्याच्या उड्या थांबतात.

१३. आमचं गाव सीमेला लागून. मधेच फोनवर इंग्रजी ‘आर’ येतं आणि डेटा बंद. असं का?

निपाणीच्या पुढे कोगनोळीकडे, शिनोळीच्या बाजूला, चोर्ला घाटाकडे हे होतं. दूरसंचारच्या हिशोबात कर्नाटक हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा मिळून दुसरं. घर कर्नाटकात असलं तरी फोनला जवळचा टॉवर पलीकडचा मिळाला की तो रोमिंगमध्ये जातो. बऱ्याच फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असतं, म्हणून नेट थांबतं. ते चालू करा. सध्याच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या देशात रोमिंगला वेगळे पैसे पडत नाहीत. तरी आपल्या प्लॅनचं बघून घ्या. परदेशी जाताना मात्र आठवणीने बंद करा.

रोमिंग चालू करूनही एक अडचण उरते. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारतो तेव्हा चालू जोडणी तुटते आणि डाउनलोड थांबतं. फोन एकाच जागी, एकाच खिडकीत ठेवा. कोणती खिडकी ते दोन-तीन जागा बघून ठरवा. आणि तुटलं तर पुन्हा जोडणारा मॅनेजर हवाच (प्रश्न ४).

१४. १ एमबीची सेटअप फाइल आली म्हणून खूश झालो, पण चालवली की पुन्हा डाउनलोडच सुरू. हे काय?

तो नुसता निरोप्या आहे, माल अजून यायचाय. अशा सेटअपमध्ये थांबवून पुढे नेण्याची सोय बहुधा कच्ची असते, आणि दुसऱ्या संगणकावर टाकायचं तर सगळं पुन्हा. जिथे मिळेल तिथे ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ किंवा ‘फुल इन्स्टॉलर’ शोधा. क्रोम, फायरफॉक्स, डॉटनेट या सगळ्यांचे असतात, पण पहिल्या मोठ्या बटणावर नसतात. खाली बारीक अक्षरात असतात.

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) इंजिनीअरिंगवाल्यांचा याच प्रश्नाचा मोठा भाऊ असतो, म्हणून थोडं सविस्तर. मॅटलॅबच्या इन्स्टॉलरमध्ये प्रगत पर्यायांखाली ‘फक्त डाउनलोड करा, इन्स्टॉल करू नका’ असा पर्याय आहे. तो वापरून एका मुलाने फोल्डर आणलं की बाकीचे पेन ड्राइव्हवर घेऊ शकतात. लायसन्स ज्याचं त्याने आपलं वापरायचं. व्हिवाडोच्या वेब इन्स्टॉलरमध्येही पूर्ण इमेज उतरवून ठेवायची सोय आहे, पण ती दहा-वीस नव्हे, त्याहून कितीतरी जास्त जीबींची असते. घरच्या लाइनीवर तिचा विचारही करू नका, कॉलेजच्या लॅबमधूनच घ्या. इन्स्टॉल करताना लागणाऱ्या चिपच्या कुटुंबावरच खूण ठेवली तर बरंच वाचतं. व्हिज्युअल स्टुडिओला ‘लेआउट’ नावाची सोय आहे, तिने निवडक भागांचं ऑफलाइन फोल्डर बनतं.

अँड्रॉइड स्टुडिओ फसवा आहे. इन्स्टॉलर एक-सव्वा जीबीचा, पण पहिल्यांदा उघडल्यावर एसडीके, मग एम्युलेटरची (संगणकातल्या नकली फोनची) इमेज, मग ग्रेडल असं करत आणखी काही जीबी मागतो. एम्युलेटर घेऊच नका; आपलाच फोन केबलने जोडून अ‍ॅप तपासा. डेटाही वाचतो आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉपही श्वास घेतो. अ‍ॅनाकोंडाऐवजी मिनिकोंडा घ्या आणि लागेल तेवढीच पॅकेज टाका. नुसता पायथन शिकायचा तर तेही नको, पायथनचा स्वतःचा इन्स्टॉलर ३० एमबीच्या आत-बाहेर असतो.

१५. मी काहीच डाउनलोड केलं नाही, तरी हॉटस्पॉट लावला की अर्ध्या तासात डेटा संपतो.

विंडोज अपडेट. हॉटस्पॉट म्हणजे फुकटचं वाय-फाय आहे असं समजून तो सुटतो. सेटिंगमध्ये नेटवर्क, मग आपल्या हॉटस्पॉटचं नाव, तिथे ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं करावं लागतं. घरच्या हॉटस्पॉटला केलं म्हणून मित्राच्या हॉटस्पॉटला लागू होत नाही. फार गरजेचं एखादं अपडेट तरीही येऊ शकतं. वनड्राइव्ह आणि फोनचा फोटो बॅकअप हे दुसरे दोन खादाड.

अपडेट कायमची बंद करू नका. घरात दोन-तीन विंडोज संगणक असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये फक्त घरातल्या नेटवर्कवरच्या संगणकांशी देवाणघेवाण हा पर्याय ठेवा. एकाने आणलेलं दुसऱ्याला तिथूनच मिळतं. इंटरनेटवरच्या परक्या संगणकांना देण्याचा पर्याय मात्र बंद ठेवा, तो तुमचा अपलोड खातो.

१६. शहरातून पेन ड्राइव्हवर आणतो, पण ‘फाइल टू लार्ज’ म्हणतंय. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आहे!

जागा आहे, पण पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून घ्या. पुसायचं नसेल तर सेव्हन-झिप या प्रोग्रामने फाइलचे २-२ जीबीचे तुकडे करून आणा आणि घरी जोडा.

आणण्याची जागा म्हणाल तर कॉलेजची लॅब, शहरातले नातेवाईक, नाहीतर ओळखीचं सायबर. ग्रामपंचायतीच्या अरिवु केंद्रात (गावच्या सार्वजनिक वाचनालयात) संगणक असला तर तिथल्या ग्रंथपालांना विचारा, पण त्यांची लाइन दिवसभर अडवून ठेवू नका. खरं सांगायचं तर १० जीबीच्या पुढे खानापूर-बेळगाव बस ही कुठल्याही प्लॅनपेक्षा वेगवान आहे.

१७. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणे. ११ डाउनलोड करू का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण ६-७ जीबी आणण्याआधी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं अ‍ॅप चालवा. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतात; बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत ते नाहीत. नसेल तर डाउनलोडच करू नका. माझं मत विचाराल तर पत्र, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असलेल्यांनी लिनक्स मिंट घ्यावं. आकार ३ जीबीच्या आसपास, टोरंट अधिकृत.

मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंगसाठी वेगळं मोठं सॉफ्टवेअर लागतं का, असंही यासोबत विचारतात. विंडोजवर नाही. दोन्ही भाषांचे कीबोर्ड त्यातच आहेत, आणि निर्मला यूआय या फाँटमध्ये दोन्ही लिप्या आहेत. भाषा जोडताना ‘स्पीच’ वगैरेच्या खुणा काढून टाका, नाहीतर तेही डाउनलोड होतं. पंचायतीच्या किंवा ऑफिसच्या कामाला नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) लागत असेल तर ते वेगळं घ्यावं लागेल.

१८. फाइल पूर्ण आली, पण ती बरोबर आली हे कसं कळणार?

आकार जुळला म्हणजे फाइल नीट आली असं नाही. चांगल्या संकेतस्थळांवर फाइलशेजारी ‘एसएचए-२५६’ नावाची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवं बटण दाबून तिथूनच तुमच्या फाइलची ओळ काढता येते. दोन्ही ओळी जुळल्या तर फाइल तंतोतंत तीच आहे. पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरं बघितली तरी नुसती बिघडलेली फाइल ओळखू येते. पेन ड्राइव्ह दुसऱ्याकडून आला असेल तर मात्र पूर्ण जुळवा. टोरंटने आणलेल्या फाइलची ही तपासणी येता येताच झालेली असते.

१९. ओळ जुळत नाही. पाच दिवस घालवून आणलेले ६ जीबी फेकून द्यायचे?

थांबा, फेकू नका. त्याच फाइलचं, त्याच आवृत्तीचं अधिकृत टोरंट आहे का बघा. असेल तर क्यूबिटटोरंटमध्ये ते जोडा, पण लगेच सुरू करू नका. तुमची बिघडलेली फाइल टोरंटच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवा आणि तिला टोरंटमधल्या फाइलचंच नाव द्या, अक्षरन्‌अक्षर. मग उजवं बटण दाबून ‘फोर्स रीचेक’. तो सगळे तुकडे तपासतो, चांगले ठेवतो, आणि सुरू केल्यावर बिघडलेले तेवढेच आणतो. ६ जीबीतले ५.९ चांगले निघाल्याचं मी बघितलंय.

ब्राउझरमध्ये ९० टक्क्यांवर मेलेल्या, रिझ्युम न होणाऱ्या फाइललाही हेच चालतं. ‘सीआरडाउनलोड’ किंवा ‘पार्ट’ शेपटी काढून नाव बदलायचं, बाकी कृती तीच. मॅनेजरने अनेक कनेक्शननी आणलेली अर्धवट फाइल असेल तर तिच्यात मधे मधे भोकं असतात, तरी टोरंट ती भरून काढतो.

टोरंट नसलेल्या फाइलला हा इलाज नाही. तिथे आधी रॅम आणि हार्ड डिस्क तपासून घ्या, विशेषतः दुसऱ्यांदा आणल्यावरही ओळ जुळली नसेल तर. दोन वेळा वेगवेगळी ओळ आली तर दोष लाइनीचा नसून बहुधा लॅपटॉपचा असतो.